फोटोतले पाणी

फोटो हातात आला की ताई आधी त्याच्या मधोमध तळहात ठेवत. पुढारी, नवरा-नवरी, जिंकलेला संघ, मध्ये जे काही असेल ते हाताखाली झाकले जाई आणि त्या उरलेल्या कडा बघत बसत. "मधलं सगळेच बघतात," त्या म्हणत. "कडेला काय आलंय ते बघा. भानगड तिथं असते."

आम्ही एका दैनिकात होतो. त्या छायाचित्र विभागात, मी शहराच्या बातम्यांवर. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. ताईंचे नाव लिहीत नाही. शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत आणि त्या सगळ्यांना भाऊ म्हणत. संपादकांनाही. राहायला छावणीत, आईबरोबर. छावणीहून सायकलवर येत, नंतर स्कूटरवर. डबा खाताना वर्तमानपत्राचा कागद पसरायच्या, पण त्यावर कोणाचा चेहरा असेल तर पान उलटून घ्यायच्या. "माणसावर भाजी सांडलेली बरी दिसत नाही," असे त्यांचे कारण होते.

एका उन्हाळ्यात दुष्काळाच्या पाहणीला एक पुढारी आले. टँकरची नळी हातात धरून एका बाईच्या हंड्यात पाणी सोडतानाचा त्यांचा फोटो आला. ताईंनी तळहात ठेवला. उजव्या कडेला पुढाऱ्यांचा ड्रायव्हर बादली घेऊन गाडी धूत होता.

"कड कापून टाकू," उपसंपादक म्हणाला.

"कापा की. बातमी कापा आणि जाहिरात छापा," ताई म्हणाल्या.

फोटो अख्खा छापला गेला. पुढाऱ्यांकडून रागाचा फोन येईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. फोन आला तो ड्रायव्हरचा. फोटोची एक प्रत मिळेल का, असे तो विचारत होता.

दुष्काळाच्या वर्षात उपसंपादकांना भेगाळलेल्या जमिनीचा फोटो लागतो. तुमच्याही डोळ्यांसमोर तो असेल. सगळ्या वर्तमानपत्रांत तो असतो. आमच्याकडेही एक होता, खूप जुना, खूप चांगला. कोणी तो मागायला आले की ताई कपाटाला पाठ लावून उभ्या राहत. "त्या भेगांना आता सुट्टी द्या भाऊ. ते शेत जालना रोडला होतं. तिथं आता गाड्यांचं शोरूम झालंय."

तरी द्यावाच लागला, तर त्याखाली 'संग्रहित छायाचित्र' हे दोन शब्द आहेत की नाहीत, ते छपाईआधी स्वतः पाहिल्याशिवाय त्या घरी जात नसत. जुना फोटो नव्या बातमीत वापरला की असे लिहायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. बारीक अक्षरांत, फोटोच्या खालच्या कडेला. वाचतो कोण, असे आम्ही म्हणत असू. ताई म्हणत, "वाचो न वाचो. तेवढे दोन शब्द टाकले की आपण सुटलो."

त्या भित्र्या होत्या, हे इथे लिहिले पाहिजे. मी दैनिकात येण्याच्या आधीची एक गोष्ट त्यांनीच सांगितली होती. अपघाताच्या बातमीत मेलेल्या माणसाऐवजी त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा फोटो छापला गेला. दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतःच तक्रार घेऊन कार्यालयात आला, आईला सोबत घेऊन. तो संपादकांशी भांडत होता, चहा प्यायला, शेवटी हसलाही. त्याच्या आईने मात्र त्याच्या शर्टाची बाही सगळा वेळ मुठीत धरून ठेवली होती. जाताना जिना उतरेपर्यंत तिने ती सोडली नाही. "फोटोच्या लिफाफ्यावर नाव बरोबर होतं भाऊ," ताई म्हणाल्या. "माणूस चुकला. एकदा छापलं की ते कुठं कुठं जातं, कोणाच्या घरात जातं, आपल्याला कळत नाही. मला भीती वाटते."

पुढे कॅमेरे बदलले. लिफाफे गेले, कपाटे गेली आणि छायाचित्र विभाग एका टेबलावर आला. बिडकीनच्या पलीकडे कारखाने आणि प्लॉट असलेल्या एका उद्योगसमूहाने ताईंना जनसंपर्क अधिकारी म्हणून बोलावले. पगार चांगला होता. त्या गेल्या.

शहर तेव्हा सगळ्या बाजूंनी वाढत होते. पैठण रोडला एका रांगेत पाट्या लागल्या होत्या. प्रत्येक पाटीवर कारंजे होते. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या बायकोला विचारावे लागे, त्या शहराच्या वेशीवर ही कारंजी होती. ताईंचे काम आता अशाच चित्रांचे होते. समूहाचे कोणते चित्र बाहेर जाईल, कोणते जाणार नाही, हे त्या ठरवत. वृक्षारोपणाच्या फोटोत मागे वाळलेली रोपे येता कामा नयेत. गावात टँकर दिला तर रांग दिसावी, भांडण दिसू नये. तळहात त्या अजूनही ठेवत. फरक एवढाच की कडेला काही सापडले तर आता त्या स्वतःच ते कापत.

"आता कापता का ताई?" मी एकदा चिडवले.

"तुम्ही छापायचे पैसे देत होता, हे न छापायचे देतात," त्या म्हणाल्या. हसल्या, पण नीट नाही.

समूहाने जवळच्या एका गावाचे तळे खोल करून दिले होते. काम पोकलेनने, घाईत झाले. तळे खोल झाले, काठ मात्र भिंतीसारखे उभे राहिले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तळे भरले, त्यात ढग उतरले आणि ताईंनी तो फोटो स्वतः काढला. फार सुरेख होता. काठावर त्याचाच मोठा फलक लागला. मग दोन पावसाळे हुकले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाहेरचे काही पाहुणे समूहाला भेट देणार होते. ताईंच्या वरच्या साहेबांना गावातले काम दाखवायचे होते. मोबाइलवरून पाठवायला एक चित्र करा, म्हणाले. ताईंनी तळ्याचा फोटो घेतला. वर समूहाचे चिन्ह आणि जनसंपर्कासाठी स्वतःचा मोबाइल नंबर. मध्ये 'गावासाठी पाणी, गावाजवळ पाणी' आणि गावाचे नाव. खाली, कडेला, बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र'. त्यांच्या हिशेबी त्या सुटल्या होत्या.

वर्तमानपत्राचा कागद कोणी कापून पुढे पाठवत नाही. मोबाइलवरचे चित्र लोक कापतात. कोणीतरी खालची पट्टी कापली. कोणीतरी चांगल्या मनाने तिथे लिहिले, "जनावरांना पाणी मोफत. गरजूंपर्यंत पोचवा." आणि ते गरजूंपर्यंत पोचले.

हे आम्हाला कळले ते असे. पाहुण्यांच्या भेटीची बातमी द्यायला ताई सकाळी आमच्या कार्यालयात आल्या होत्या. माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. फोन वाजला. कार्यालयातल्या पंख्याचा आवाज मोठा म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"हॅलो, तळ्याच्या ताई का?" एका बाईचा आवाज होता. मागे गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. "आमी गंगापूरकडून आलोय. म्हशी हायत, दोन गाया हायत. फोटोत लई पाणी दिसतंय. आमाला पाजू देतेत ना?"

ताई उभ्या राहिल्या. "कुठं आहात तुम्ही?"

"बिडकीन सोडलं की मागंच. तळ्याची पाळ दिसायली आता."

"ऐका. तिथं पाणी नाही. गाळ आहे. जनावरं धरून ठेवा."

"काय म्हन्ता? आवाज येईना..." मग दुसरीकडे तोंड करून, "अहो, धरा तिला! ताई, म्हशीला वास लागलाय वाटतं. पळायलीय बगा."

फोन बंद झाला. ताईंनी लावला, लागला नाही. पुन्हा लावला.

ज्यांनी आटते तळे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरचा गाळ उन्हाने वाळतो, त्याला भेगा पडतात, त्यावर पाखरे चालतात. खाली तो ओलाच असतो. तहानलेल्या जनावराला त्याचा वास लांबून येतो. ते पळत जाते आणि वरची साय फुटते.

ताईंनी सरपंचांना फोन केला. ते पाहुण्यांच्या स्वागताला शहरातच आले होते. "कार्यक्रमात आहे मॅडम," असे कुजबुजून त्यांनी ठेवला. मग साहेबांना केला. स्पीकर चालूच होता, बंद करायचे त्यांना सुचले नाही.

"सर, ते तळ्याचं चित्र मागं घ्यायला हवं. पाणी नाही असं दुसरं पाठवते. लोक जनावरं घेऊन निघालेत. एक पोकलेन पाठवा तिकडं, लगेच."

"मॅडम, मागं घेतलं की आपण चुकलो असं होतं," साहेब शांतपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. आवाजात काळजीही होती. "पाहुणे जाऊ द्या, मग बघू. आणि तुम्ही स्वतः तिकडं जाऊ नका. तुम्ही गेलात म्हणजे समूह गेला."

ताईंनी पर्स उचलली. "भाऊ, तुमची मोटारसायकल आहे का खाली?"

पैठण रोडने मी गाडी पळवली. मागे बसून त्या सारख्या नंबर लावत होत्या. मधूनमधून एकच वाक्य माझ्या कानाशी येत होते. "मी शब्द टाकले होते भाऊ. खाली टाकले होते." बिडकीन गेले. मग समूहाचे रुंद, रिकामे रस्ते लागले, दोन्ही बाजूंना विजेचे खांब आणि एकही घर नाही. एका वळणावर रस्त्यात शेणाचा ओला पो पडला होता. ताईंनी माझा खांदा दाबला.

पाळीवर चढलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बाई. चार-सहा दोऱ्या हाताला गुंडाळून ती मागे रेलून उभी होती आणि जनावरे तिला पुढे ओढत होती. ती ओरडत नव्हती; तिचा आवाज बसला होता. शेजारच्या शेतातले दोघे काठावर होते. एकाचे पाय मांड्यांपर्यंत काळे झाले होते. तो उतरून परत आला होता.

खाली, काठापासून बऱ्याच आत, एक म्हैस पोटापर्यंत रुतली होती. तिच्याजवळ तिचा मालक, छातीपर्यंत. त्याने तिचे शिंग धरले होते. तो हलत नव्हता. हलला की आणखी खाली जातो हे त्याला कळले होते.

दोर फेकून पाहिला होता. पुरत नव्हता.

ताई फलकाकडे बघत होत्या. ढग उतरलेले ते तळे काठावर उन्हात चमकत होते. लाकडी चौकट, त्यावर ताणलेले फ्लेक्स.

"हा बोर्ड पाडा," त्या म्हणाल्या.

शेतातले दोघे एकमेकांकडे बघू लागले. "कंपनीचा हाय बाई. केस करतेत."

"मीच लावलाय. पाडा म्हणते ना!"

आम्ही चौघांनी तो हलवून हलवून पाडला, घसरत खाली नेला आणि गाळावर आडवा टाकला. चित्र वर होते. गाळावर तळे पसरले. दोघांतला हडकुळा माणूस दोर दातांत धरून त्यावर पालथा झाला आणि सरपटत निघाला. चौकट करकरली, कडेने काळे पाणी वर आले, पण ती तरंगली. त्याने दोर मालकाच्या काखेखालून घेतला.

"शिंग सोड आता," तो म्हणाला.

मालकाने सोडले नाही.

"सोडा तिला!" बाई वरून ओरडली. आवाज फाटला होता. "ऐकायलात का? सोडा!"

"गाभण हाय ती," तो म्हणाला. मोठ्याने नाही, कोणाला सांगायचे म्हणूनही नाही.

आम्ही दोर ताणून उभे होतो. किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. गाळाचा एक आवाज असतो, तोंडाने चोखल्यासारखा. तो माणूस थोडा खाली गेला, हनुवटीपाशी गाळ आला, आणि तेव्हा त्याची मूठ सुटली. आम्ही ओढले. तो त्या निळ्या पाण्यावरून, ढगांवरून घासत काठाला आला.

म्हैस ओरडत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

माणूस काठावर पडून श्वास घेत होता. बाईने दोऱ्या एका बाभळीला बांधल्या, नवऱ्याच्या तोंडावरचा गाळ पदराने पुसला आणि मग ताईंकडे वळली.

"तुमीच का फोनवरल्या?"

"हो."

"आवाज वळखला." जरा थांबून तिने विचारले, "मंग फोटूतलं पाणी कुटलं हाय?"

"इथलंच आहे."

"कवाचं?"

"दोन पावसाळ्यांमागचं."

बाईने तळ्याकडे पाहिले. "मंजी खोटं नवतं म्हना," ती म्हणाली.

ताई खाली बसल्या. त्यांच्यावर कोणी ओरडले असते तर त्यांना बरे वाटले असते, असे मला तेव्हा वाटले. कोणीही ओरडले नाही.

पोकलेन आले, पण पाहुणे गेल्यावर. तोवर गाळ पुन्हा सपाट झाला होता. मी बातमी दिली. ती आतल्या पानावर, लहान आली. तिसऱ्या दिवशी समूहाचे प्रसिद्धिपत्रक आले. मानवतेच्या भावनेतून समूहाने तातडीने यंत्र पाठवले, असे त्यात होते, सोबत पोकलेनचा फोटो. खाली सही दुसऱ्याच कोणाची होती.

नोकरी गेल्यावर ताई घरीच लग्नाचे अल्बम जुळवून देण्याचे काम करू लागल्या. मी कधी छावणीत गेलो की चहाला थांबत असे. एकदा चहा गाळतानाच त्यांचा फोन वाजला. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि उचलला.

"नाही हो. तिथं पाणी नाही. वरून वाळलेलं दिसतं, खाली गाळ आहे. जनावर सोडू नका. कुठून आलात तुम्ही? मग तिथूनच फिरा मागं."

फोन ठेवून त्यांनी गॅस पुन्हा लावला.

"उन्हाळा लागला की ते चित्र परत फिरायला लागतं," त्या म्हणाल्या. "कोण पाठवतं, कळत नाही. चांगलीच माणसं असतात. खाली हात जोडलेले असतात."

"नंबर बदला ना ताई."

"बदलला तर उचलणार कोण?"

त्यानंतर त्यांच्या हातातला फोन मी कधी बंद पाहिला नाही. भाचीच्या लग्नात, अक्षता पडत असताना त्या मांडवाबाहेर जाऊन कोणालातरी मागे फिरवत होत्या. वीज गेली की त्यांचा चेहरा उतरायचा. मोबाइल किती चार्ज आहे ते आधी बघायच्या. एका वर्षी पाऊस झाला, तळे भरले. ताई एसटीने जाऊन स्वतः बघून आल्या. नंतर महिन्यातून एकदा तरी जात. तेवढे दिवस फोनवरचे उत्तर बदलले होते. "आहे पाणी. पण काठ उभा आहे. बादलीनं काढून वरच पाजा." पाणी खाली गेले तसे उत्तरही पुन्हा बदलले. त्यांची आई तेव्हा म्हणायची, "या पोरीनं तळं दत्तक घेतलंय." ताई हसत नसत.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. वर्तमानपत्रात द्यायला फोटो हवा होता तर घरात त्यांचा एकही सापडेना. आयुष्यभर त्या कॅमेऱ्याच्या मागेच राहिल्या होत्या. शेवटी आधार कार्डावरचा दिला.

यंदा शहराच्या नव्या नावाच्या पाट्या जुन्या दिसू लागल्या आहेत आणि पाऊस पुन्हा हुकला आहे. परवा दुपारी एका नातेवाइकाने मला ते चित्र पाठवले. इतक्या हातांतून गेल्याने ढग विटले आहेत, समूहाचे चिन्ह ओळखू येत नाही. गावाचे नाव वाचता येते. नंबर वाचता येतो.

मी तो लावला. बंद असेल असे वाटले होते. वाजला, आणि एका तरुण माणसाने उचलला. सिम नवे घेतले आहे, वाळूजला कंपनीत कामाला आहे, म्हणाला.

"तळ्याचंच ना?" त्यानेच विचारले. "लई फोन येतेत राव. डोकं उठलंय."

"मग काय सांगता तुम्ही लोकांना?"

"काय सांगनार? आपल्याला काय म्हाईत! म्हन्तो, फोटोत दिसतंय मंजी असंल पाणी. जाऊन बगा."

मी त्याला सगळे सांगितले. गाळ, उभा काठ, काय म्हणायचे, कसे म्हणायचे. तो मध्ये बोलला नाही. ऐकत होता की नाही, ते फोनवर कळत नाही.

"बरं," तो म्हणाला. "थांबा, दुसरा फोन यायलाय." आणि त्याने माझा ठेवला.